पुण्याहून नोएडाला भर हिवाळ्यात स्वतःच्या गाडीनं: दोघांनी आखायचा चार दिवसांचा प्रवास

पुणे ते नोएडा हे अंतर इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा मार्गे साधारण १,४०० ते १,४५० किलोमीटर. फोनवरचा मॅप ते पंचवीस-सव्वीस तासांत संपवून दाखवतो. त्यावर भरवसा ठेवून नोकरीसाठी तिकडे निघालेली बरीच जोडपी ‘एक मुक्काम इंदूरला, दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत नव्या घरी’ असा बेत करतात. ऑक्टोबरात तो जमेलही. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीअखेर मात्र हा बेत करू नका. अडचण थंडीची नाही, थंडीला स्वेटर आहे. अडचण धुक्याची आणि लहान दिवसाची.

१ जानेवारीच्या सुमारास पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो आणि सहा वाजून गेल्यावर मावळतो. दिल्लीकडे तो उगवतो जवळपास त्याच वेळी, पण मावळतो अर्धा तास आधी. त्यात ग्वाल्हेरच्या पुढे सकाळचे नऊ-दहा वाजेपर्यंत धुकं बसलेलं असतं. म्हणजे शेवटच्या टप्प्यात गाडी चालवायला हातात उरतात जेमतेम सात तास. म्हणून या प्रवासाची आखणी एकाच हिशोबावर करायची: लांब पल्ले दक्षिणेकडे उरकायचे, उत्तरेकडे रोज थोडं थोडं जायचं. तीन मुक्काम, चौथ्या दिवशी दुपारी घर.

गाडी न्यायची का, हे आधी ठरवा

भावनेचा भाग बाजूला ठेवून आरसी बुक उघडा आणि गाडी बीएस-४ आहे की बीएस-६ (गाडीच्या धुरासाठीच्या सरकारी निकषांचे हे टप्पे) ते पाहा. दिल्ली परिसरात हवा बिघडली की ‘ग्रॅप’ नावाची टप्प्याटप्प्यानं वाढणारी बंधनं लागतात. तिसरा टप्पा लागला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल चारचाकी गाड्यांना दिल्लीसह गुरुग्राम, फरीदाबाद, गाझियाबाद आणि गौतमबुद्धनगरमध्ये रस्त्यावर आणता येत नाही. गौतमबुद्धनगर म्हणजेच नोएडाचा जिल्हा. ही बंधनं नेमकी हिवाळ्यात लागतात. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांचा प्रश्न वेगळाच. त्याबाबत कोर्टाचे आदेश बदलत आले आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यातली स्थिती पाहा. माझं मत विचाराल तर बीएस-४ डिझेल गाडी पुण्यातच विकून मोकळं व्हा. बीएस-६ असेल, म्हणजे साधारण १ एप्रिल २०२० नंतर घेतलेली, तर खुशाल न्या.

दोघांपैकी एकालाच गाडी येत असेल तर आणखी एकदा विचार करा. कार कॅरिअरनं गाडी पाठवून आपण विमानानं जाणं यात कमीपणा नाही. दोघंही चालवणारे असाल आणि दोघांनाही हायवेची सवय असेल, तरच पुढचं वाचा.

तारीख: पौष, खरमास आणि धुकं

‘पौषात घर बदलू नका’ असं घरातली मोठी माणसं म्हणणारच. यावेळी वाद घालू नका, कारण हवामानही त्यांच्याच बाजूनं आहे. मार्गशीर्षात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, उत्तरेत थंडी असते पण धुकं अजून पक्कं बसलेलं नसतं. रजा तेव्हा मिळत असेल तर तीच तारीख धरा.

नसेल मिळत, तर एक सोपा मार्ग आहे. बऱ्याचदा दोघांतला एक जण आधीच रुजू होऊन कंपनीच्या गेस्ट हाउसवर राहत असतो. त्यानं किंवा तिनं पौष लागण्याआधी फ्लॅटची किल्ली घेऊन दूध उतू घालावं, एक दिवा लावावा. मग सामान पौषात गेलं तरी आजीची तक्रार राहत नाही.

भर थंडीत जाण्याचा एक फायदाही आहे. उत्तरेत डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमास पाळतात, लग्नं होत नाहीत. त्यामुळे शिवपुरी-ग्वाल्हेरकडे हॉटेलं मोकळी असतात आणि संध्याकाळी रस्त्यावर वराती आडव्या येत नाहीत. संक्रांत झाली की दोन्ही सुरू. आग्रा याला अपवाद. नाताळ ते एक जानेवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते.

ट्रकमध्ये काय, गाडीत काय

पॅकर्सचा ट्रक तुमच्या नंतर पोचेल हे गृहीत धरा. ते किती दिवस सांगतात त्यात दोन मिळवा. त्यामुळे गाडीत सामान भरताना प्रश्न एवढाच: ट्रक आलाच नाही तर पहिले तीन दिवस आपण कसे राहू? एक पातेलं, कढई, दोन ताटं, सुरी, इंडक्शन शेगडी, दोन गाद्यांऐवजी दोन जाड सतरंज्या आणि घोंगडी, बादली-मग, एक्स्टेंशन बोर्ड, दोन बल्ब, कुलूप, टॉयलेटचं सामान. सोनंनाणं, मूळ कागदपत्रं, लॅपटॉप आणि औषधं कधीही ट्रकमध्ये देऊ नका. देवही गाडीतच, मऊ कापडात गुंडाळून पुढच्या सीटमागच्या डब्यात.

तुळशीचा मोह टाळा. कुंडी चार दिवस डिकीत अंधारात राहते आणि पुढे तिकडच्या जानेवारीत बाल्कनीतली तुळस थंडीनं काळी पडते. मंजिऱ्या वाळवून पुडीत न्या, मार्चमध्ये पेरा.

पॅकर्सशी व्यवहार करताना पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. बिल जीएसटीचं घ्या, वाहतुकीचा विमा कोणत्या रकमेचा आहे ते लेखी घ्या, बिल्टीचा, म्हणजे मालाच्या पावतीचा, आणि ट्रकच्या नंबर प्लेटचा फोटो काढा. प्रत्येक खोक्याला नंबर आणि आत काय त्याची यादी तुमच्या वहीत. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, त्या नावाखाली कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका. भरलेला गॅस सिलिंडर ट्रकमध्येही नाही आणि गाडीतही नाही. एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या, डिपॉझिट परत मिळतं, नव्या गावी तेच कागद दाखवून जोडणी घ्या. निरोपाच्या पार्टीतली उरलेली बाटली मित्राला द्या. चार राज्यांचे चार अबकारी नियम कुणी पाठ करायचे?

गाडी भरताना जड वस्तू तळाशी आणि मागच्या सीटला टेकवून. मागच्या काचेतून रस्ता दिसलाच पाहिजे. जोरात ब्रेक लागला तर सुटा मिक्सर डोक्यात येतो, म्हणून सगळं दोरीनं किंवा पट्ट्यांनी बांधा. मुक्कामाची एक छोटी बॅग सगळ्यात वर ठेवा, म्हणजे रोज रात्री अख्खी डिकी उपसावी लागणार नाही.

गाडीची तयारी

निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व्हिसिंग करा, आदल्या दिवशी नको. सर्व्हिसिंगनंतर शंभर-दीडशे किलोमीटर पुण्यातच चालवा. एखादा नट ढिला राहिला असेल तर तो चाकणच्या पुढे नाही, इथंच कळू दे.

बॅटरी तीन वर्षांवर गेली असेल तर टेस्ट करून घ्या. पुण्याच्या हवेत कुंथत का होईना सुरू होणारी बॅटरी पाच अंशांत सकाळी मान टाकते. कूलंटऐवजी नुसतं पाणी भरलेलं असेल तर बदला. वायपरचं रबर पुण्याच्या उन्हात कडक झालेलं असतं, नवीन टाका. काच धुण्याची टाकी भरा.

टायरची नक्षी कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर हवी, पण एवढ्या लांबच्या प्रवासाला तीनच्या खाली गेलेले टायर मी नेणार नाही. पूर्ण भरलेल्या गाडीला किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयनं कमी होते. त्यामुळे पुण्यात भरलेली हवा शिवपुरीच्या सकाळी पुन्हा तपासा, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. स्टेपनीतली हवा सगळेच विसरतात.

आता दिवे. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून घ्या. पुढचे फॉग लॅम्प चालू आहेत का, मागचा लाल फॉग लॅम्प कुठल्या बटणावर आहे, हे दोघांनीही घरीच पाहून ठेवा. पुण्यात त्या बटणाला कुणी हात लावलेला नसतो. समोरची काच आतून व्हिनेगरच्या पाण्यानं आणि वर्तमानपत्राच्या कागदानं पुसा; आतला धुरकट थर रात्री समोरच्या दिव्यात फार त्रास देतो.

गाडीत हवं ते: रिफ्लेक्टरचा त्रिकोण, दोन चमकणारी जॅकेटं, टॉर्च, जंपर केबल, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, टो करायचा पट्टा, थर्मास, एन-९५ मास्क. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, तरी एक छापील संच ठेवा. पीयूसी ताजी करून घ्या. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का आणि ते महाराष्ट्राबाहेर चालतं का, हे फोन करून विचारा. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३ वर, बाकी सगळ्याला ११२.

फास्टॅगचा वार्षिक पास असेल तर तो राष्ट्रीय महामार्गांच्या टोल नाक्यांवर चालतो. शेवटच्या दिवशीचा यमुना एक्स्प्रेसवे राज्याच्या प्राधिकरणाचा आहे, तिथं नेहमीचे पैसे कापले जातात. तेव्हा पास असला तरी खात्यात शिल्लक ठेवा.

पहिला दिवस: पुणे ते इंदूर, सहाशेच्या आसपास

हा सगळ्यात लांब दिवस, आणि तो पहिल्याच दिवशी घ्यायचा, कारण धुळं-निमाडपर्यंत धुक्याचा तसा त्रास नसतो आणि निम्मा रस्ता तुमच्या ओळखीचा असतो. पहाटे पाचला घर सोडा. अंधारातले दोन तास चालवायचेच असतील तर ते नारायणगावच्या रस्त्यावर, मोरेनाच्या नाही. सहानंतर चाकणला पोचलात तर एमआयडीसीच्या बसेस आणि कंटेनर तुमचा तास खाणार.

रस्ते दोन. एक नाशिक फाटा, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक आणि मग मालेगाव-धुळं. दुसरा शिरूर, अहिल्यानगर, कोपरगाव, मनमाड, मालेगाव. दुसरा नकाशावर बरा दिसतो, पण नगर-मनमाड पट्टा वर्षानुवर्षे खड्ड्यांसाठी बदनाम आहे आणि हिवाळा म्हणजे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. संगमनेरच्या रस्त्यालाही ते भेटतातच, पण कमी. भरलेली गाडी असेल तर नाशिकवरून जा.

नाश्ता नाशिकच्या अलीकडे उरका. दुपारी दीडपर्यंत धुळं मागे पडलं नसेल तर इंदूरचा हट्ट सोडा, शिरपूर किंवा सेंधव्याला थांबा. त्याचं कारण पुढचा भाग. सेंधव्याजवळ बिजासन घाट, मग खलघाटला नर्मदा, आणि त्यानंतर माळव्याच्या पठारावर चढताना मानपूरकडचे चढ. उतारावर ब्रेक गेलेले ट्रक ही या रस्त्याची जुनी दुखणी. भरलेल्या गाडीनं उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवा, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका, आणि पुढच्या-मागच्या ट्रकच्या मध्ये अडकून राहू नका. हे सगळं उजेडात व्हायला हवं.

इंदुरात मुक्काम बायपासजवळ घ्या. सराफ्यात रात्री खायला जायचं असेल तर रिक्षानं जा, सामानानं भरलेली गाडी हॉटेलच्या कुलूपबंद पार्किंगमध्येच राहू दे. खोली घेतानाच विचारा: पार्किंगला रात्री माणूस असतो का, गरम पाणी किती वाजेपर्यंत, खोलीत हीटर आहे का. दोघांचीही ओळखपत्रं काउंटरवर मागतात.

दुसरा दिवस: इंदूर ते शिवपुरी, चारशेच्या आत-बाहेर

पोहे-जिलेबी खाऊन आठला निघा. देवास, मक्सी, शाजापूर, ब्यावरा, गुना असा चौपदरी, सरळ रस्ता. शाजापूरच्या आसपास तुम्ही कर्कवृत्त ओलांडता, आणि योगायोग म्हणा, पण त्यानंतरच अंगावर दुसरा स्वेटर चढतो.

सरळ रस्ता झोप आणतो, त्यात हीटर. हीटर लावाच, पण हवा बाहेरची घ्या, आतलीच फिरवू नका. दर दोन तासांनी चालक बदला. ‘मी अजून ताजा आहे’ हे वाक्य ऐकून घ्यायचं नाही. गाडी चालवणाऱ्यानं फोनकडे पाहायचं नाही, शेजारच्यानं झोपायचं नाही. गुन्यानंतर जनावरं रस्त्यावर बसलेली दिसू लागतात, संध्याकाळी डांबर गरम असतं म्हणून.

दुपारी चारपर्यंत शिवपुरी गाठा. ‘अजून उजेड आहे, ग्वाल्हेर शंभर-सव्वाशेच तर आहे’ असं वाटेल. तिथंच थांबा. पुढचा रस्ता जंगलाच्या कडेनं जातो आणि सूर्य मावळल्यावर गारठा उतरतो. शिवपुरी ही ग्वाल्हेरच्या शिंद्यांची उन्हाळी राजधानी. तासभर हातात असेल तर त्यांच्या छत्र्या पाहा. वानवडीची महादजींची छत्री पाहिलेल्या पुणेकराला इथला संगमरवर पाहून पैशाचा ओघ कुठून कुठं गेला ते कळतं.

रात्री खोलीत कुणी कोळशाची शेगडी आणून ठेवू लागलं तर नम्रपणे परत पाठवा. बंद खोलीत कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि उत्तरेत दर हिवाळ्यात त्यानं झोपेतच माणसं जातात. बंद गाडीत इंजिन सुरू ठेवून झोपणंही तसंच.

धुकं: हा भाग दोघांनी मिळून वाचा

उत्तरेतलं धुकं लोणावळ्याच्या धुक्यासारखं नसतं. लोणावळ्याला ढगच डोंगराला टेकलेला असतो, वारा आला की सरकतो. गंगा-यमुनेच्या मैदानात निरभ्र रात्री जमीन वेगानं थंड होते, तिच्यालगतची दमट हवा दवबिंदूपर्यंत निवत जाते आणि वारा नसल्यानं बाष्प थेंब होऊन तिथंच साचतं. त्यात सगळीकडे पाणी दिलेली गव्हाची शेतं आणि हवेतला धूर. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत ते हलत नाही. काही दिवस दुपारपर्यंतही हलत नाही.

म्हणून अंदाज असा बांधायचा. पश्चिमी चक्रावातामुळे (हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पावसाळी हवा) पाऊस पडून गेला, आकाश मोकळं झालं, वारा पडला, की पुढच्या दोन-तीन सकाळी दाट धुक्याच्या. हवामान खात्याचा इशारा आदल्या संध्याकाळी पाहा. दृश्यता २०० मीटरच्या खाली गेली की ते दाट धुकं म्हणतात, ५० मीटरच्या खाली अतिदाट. अतिदाट धुक्यात आपल्या बोनेटच्या पुढे दोन गाड्यांपलीकडे काही नसतं असंच वाटतं.

वेगाचा हिशोब साधा आहे. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत दोन सेकंद जातात. ताशी ८० वर तेवढ्यात ४४ मीटर संपतात आणि थांबायला आणखी ३५-४० लागतात. म्हणजे ऐंशी मीटर. ताशी ४० वर एकूण तीस-बत्तीस मीटर. पन्नास मीटर दिसत असताना चाळीसच्या वर जायचं कारण नाही, आणि भरलेल्या गाडीनं ओल्या रस्त्यावर तीसच बरे.

दिवे लो बीमवर. हाय बीमचा प्रकाश थेंबांवरून उलटा डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पुढचे-मागचे फॉग लॅम्प चालू. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लुकलुकत ठेवायची उत्तरेत पद्धतच आहे, तुम्ही ती उचलू नका. मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळताय हे कळत नाही. काच आतून धुरकटली तर एसी चालू, तापमान गरमकडे, हवा काचेकडे, बाहेरची. खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. ट्रकचा हॉर्न दिसण्याआधी ऐकू येतो. गाणी बंद.

पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यामागे लागून जायचं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट उपाय. त्याला दिसलं नाही तर तुम्हालाही दिसणार नाही. डाव्या पट्टीच्या अंदाजानं आपल्या लेनमध्ये राहा, अगदी कडेला चिकटू नका, कारण कडेला बिघडलेला ट्रक उभा असतो. ओव्हरटेक नाही.

दिसेनासं झालं तर थांबायचं कुठं, हा खरा प्रश्न. रस्त्यावर नाही, शोल्डरवरही नाही. पेट्रोल पंप, टोल नाक्याच्या पुढची मोकळी जागा किंवा ढाब्याचं आवार, एवढ्याच जागा. पुढची अशी जागा किती किलोमीटरवर आहे, हे शेजारी बसलेल्यानं सतत सांगत राहायचं. आणि दुर्दैवानं धडक झालीच, तर गाडीत बसून पोलिसांची वाट पाहू नका, गाडीच्या मागे उभं राहून फोटोही काढू नका. डावीकडून उतरा, रेलिंगच्या पलीकडे जा, मग ११२. धुक्यात पहिल्या धडकेनंतर मागून येणाऱ्या गाड्या जास्त बळी घेतात.

दोघांत एक करार करून निघा: धुक्यात ‘नको’ म्हणायला एकाचंच मत पुरे. कारण विचारायचं नाही, टोमणा मारायचा नाही. रागवायचंच असेल तर पंपावर चहा घेताना रागवा.

तिसरा दिवस: शिवपुरी ते आग्रा, सव्वादोनशे-अडीचशे

दहाला निघा, धुकं असेल तर अकराला. ग्वाल्हेर बायपासनं ओलांडा. मोरेन्यात गजक घ्या. तीळ आणि गुळाची ही खुसखुशीत थप्पी नव्या शेजाऱ्यांकडे तिळगूळ म्हणून चालते. मोरेना आणि धौलपूरच्या मध्ये चंबळ लागते. पुलावर गाडी थांबवू नका, खोरी चालत्या गाडीतूनही नीट दिसतात.

पेट्रोलचं गणित इथं करा. मध्य प्रदेशात दर आपल्याइतकेच किंवा थोडे जास्त, उत्तर प्रदेशात लिटरमागे जवळपास दहा रुपयांनी कमी. म्हणून मोरेन्यात टाकी फुल करू नका, आग्र्यात करा. मात्र या पट्ट्यात अर्ध्याच्या खाली काटा जाऊ देऊ नका, धुक्यात अडकून इंजिन चालू ठेवावं लागलं तर तेच कामी येतं.

आग्र्यात मुक्काम फतेहाबाद रोडच्या बाजूला घ्या. तिथून इनर रिंग रोडनं यमुना एक्स्प्रेसवे गाठता येतो, सकाळी शहरात शिरावं लागत नाही. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो आणि जानेवारीच्या सकाळी उघडा असूनही दिसत नाही. दुपारी तीनला पोचलात तर त्याच दिवशी पाहून घ्या.

चौथा दिवस: आग्रा ते नोएडा, दोनशेच्या आत

यमुना एक्स्प्रेसवे १६५ किलोमीटरचा, २०१२ पासून सुरू असलेला, काँक्रीटचा. हिवाळ्यात, साधारण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी, तिथं हलक्या वाहनांची वेगमर्यादा ताशी १०० वरून ७५ वर आणतात. कॅमेरे आहेत. पण दंडापेक्षा भीती साखळी अपघातांची आहे. हा रस्ता इतका सरळ आणि रिकामा आहे की धुक्याचा पट्टा अचानक येतो आणि माणूस वेग उतरवत नाही. दहाच्या आधी चढू नका. साडेदहाला निघालात तरी दुपारी दोनला ग्रेटर नोएडातला परी चौक ओलांडून नोएडात असाल.

दुपारी पोचण्याचा फायदा तिथं कळतो. बहुतेक सोसायट्यांना सामान आत न्यायला आधी परवानगी लागते आणि वेळ ठरलेली असते. घरमालकाकडून ते पत्र आदल्या आठवड्यातच मेलवर मागवून ठेवा. उजेडात मीटरचं रीडिंग आणि भिंतींचे फोटो काढता येतात, गीझर चालतो का ते पाहता येतं, चालत नसेल तर इलेक्ट्रिशियन संध्याकाळच्या आत मिळतो. गॅस गीझर असेल तर बाथरूमला हवा जायला झरोका आहे का, ते पहिल्या आंघोळीआधी पाहा. फरशी बर्फासारखी असते, म्हणून सपाता मुक्कामाच्या बॅगेतच ठेवा. पहिल्याच संध्याकाळी बाजारात जाऊन रजई घ्या. ती पुण्याहून वाहून न्यायची गरज नाही. गोडा मसाला, आमसुलं आणि मेतकूट मात्र न्यायलाच हवं.

मग राहिले कागद

भाडेकरूची पोलिस पडताळणी आधी उरका. त्यानंतर गाडी. पत्ता बदलल्याची नोंद ३० दिवसांत करायची असते, आणि दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवायची असेल तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या, किंवा एमएच-१४ असेल तर पिंपरी-चिंचवडच्या, आरटीओची एनओसी लागते. तिच्यावर कुठल्या जिल्ह्यात जाणार ते लिहिलेलं असतं आणि ती सहा महिनेच चालते. म्हणून नोकरी टिकते का, घर आवडतं का, ते कळेपर्यंत एनओसी काढू नका. पण थकलेली चलनं पुणे सोडण्याआधी भरून टाका, कारण एक चलन बाकी असलं तरी अर्ज अडतो, आणि पुण्यात गाडी चालवलेल्या कुणाचं एकही चलन बाकी नाही असं सहसा होत नाही. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र वेगळं, त्यालाही वेळ लागतो.

तुमच्यापैकी कुणाची कंपनी चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेली असेल, किंवा नोकरी सरकारी असेल, तर बीएच मालिकेचा (राज्य बदललं तरी तोच चालणारा) नंबर मिळू शकतो. २०२१ मध्ये ही मालिका सुरू झाली आणि पुढे जुन्या गाड्यांनाही तिचा पर्याय मिळाला. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा. बाकीच्यांनी उत्तर प्रदेशात रोड टॅक्स भरून नवा नंबर घेतला की महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी कराच्या उरलेल्या वर्षांच्या परताव्यासाठी पुण्याच्या आरटीओत अर्ज करता येतो. नव्या आरसीची प्रत, जुनी एनओसी आणि कर भरल्याची पावती त्या अर्जाला जोडा. पैसे यायला वेळ लागतो, तेव्हा पुण्यातलं बँक खातं बंद करू नका.